पर्ससीन व एलईडी मासेमारीविरुद्ध निवेदन: रविवारी बैठक

मालवण किनाऱ्यावरील रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे), गिलनेटधारक आणि पातवाल्या अशा सर्व पारंपरिक मच्छीमार सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता संस्थेच्या कार्यालयात बैठक आहे. तांडेलांनी (नौकेच्या प्रमुखांनी) यावेच. खलाशी आले तर उत्तम.

५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशानुसार राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीनला (माशांचा थवा घेरून पकडणाऱ्या मोठ्या जाळ्याला) सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा आहे. एलईडीला (प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याला) तर कधीच नाही. तरी जानेवारी उजाडला की रात्री खोल पाण्यात दिवे दिसतात आणि सकाळी रापणीत बांगडा मिळत नाही. तोंडी तक्रार मत्स्यव्यवसाय खात्यात टिकत नाही, म्हणून या वेळी लेखी नोंदी जोडायच्या आहेत.

• नौकेचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, किती वाव (खोलीचे माप) पाणी ते लिहून आणा. जीपीएसचे आकडे असल्यास फारच चांगले.
• मोबाईलवरचे फोटो डिलीट करू नका.
• समुद्रात कोणाच्याही नौकेवर चढू नका, दगडफेक नको. गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.
• स्वतःचा मासेमारी परवाना व नौकेची कागदपत्रे सोबत ठेवा.

निवेदनावर सह्या बैठकीतच होतील. घरोघरी कागद फिरवला जाणार नाही.

– सचिव