दाढ दुखायची थांबली, तरी दाखवून जा

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज वाचला. ‘दाढ आपोआप थांबली, आता येत नाही’ असं तू लिहिलंस आणि मला उलट जास्तच काळजी लागली. फोनवर तू ‘बघू रे’ म्हणून विषय टाळशील, म्हणून हे सविस्तर लिहितोय. वहिनींनाही वाचायला दे.

तू सांगत होतास ते आठव. आधी माठातलं पाणी लागलं की कळ यायची आणि लगेच जायची. त्या टप्प्यावर बहुतेक वेळा कीड कोरून सिमेंट भरलं की भागतं. मग गरम चहा सोसेना, कळ आली की बराच वेळ हटेना आणि रात्री आडवं झालं की ठणक्याने उठून बसावं लागायचं. दाताच्या आत नस असते, रक्तवाहिन्यांसकट मऊ, जिवंत. बाकी शरीराला सूज आली तर कातडी ताणते, इथे चारी बाजूंनी टणक भिंत, सुजायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आतला ताण वाढतो आणि ठणका सुरू होतो. आणि मग एक दिवस सगळं शांत! दिल्या, ती नस बरी झालेली नाही, बहुधा मेली आहे. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. एक्स-रेमध्ये तिथे काळा डाग दिसतो, तेवढं हाड विरघळलेलं असतं. असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. कित्येक महिने काही त्रास नाही आणि एका सकाळी गाल टम्म फुगलेला. त्यात तुला शुगर आहे. शुगर वाढलेली असली की पू लवकर पसरतो, आणि तोंडात पू असला की शुगर आटोक्यात येत नाही.

तुझी दाढ खालची आहे, म्हणून हे नीट लक्षात ठेव. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली किंवा श्वास जड झाला, तर माझी वाट बघू नकोस. रात्र असली तरी गाडी काढून सिव्हिल हॉस्पिटल गाठ. त्या सुजेने श्वासाची वाट बंद होऊन माणसं दगावतात.

मेडिकलमधून पुडीत बांधून आणलेल्या गोळ्या बंद कर. त्यात एखादी अँटिबायोटिक असते, ती तू दोन दिवस खाऊन सोडतोस. नस मेलेल्या दातात रक्तच पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? सूज किंवा ताप असेल तेव्हा ते द्यावं लागतं, पण दाताचं काम केल्याशिवाय नुसत्या गोळीने दात बरा होत नाही. आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखऱ्यावरच्या गोळ्या शुगर-बीपीवाल्याने मनाने घेऊ नयेत, किडनीवर येतं. पुन्हा दुखलंच तर पॅरासिटामॉल घे आणि मला फोन कर.

लवंगेचं तेल चालतं. त्यातलं युजेनॉल कळ खरोखर बधिर करतं, आम्हीही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं भरतो. पण कापसाच्या बोळ्यावर एखादाच थेंब, तोही किडलेल्या खड्ड्यात. हिरडीवर ओघळलं तर भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवतात, ते कधीच करू नकोस. हिरडी पांढरी पडून सोलून निघते. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. बाहेरून शेकू नकोस, गार फडकं लाव. आणि रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन कीड पाडणारे बाजारात बसतात, त्यांच्या नादी लागू नकोस. दातात अळी नसतेच. फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 सालीच हे छापून सांगितलं होतं, तरी ती समजूत गेलेली नाही.

रूट कॅनलची तुला धास्ती आहे, म्हणून काय करतात ते सांगतो. आधी सुईने जागा बधिर करतात. दाताला वरून बारीक भोक पाडून मेलेली नस केसासारख्या बारीक तारांनी साफ करतात. खालच्या दाढेत अशा नळ्या बहुतेक तीन, कधी चार निघतात आणि एकही सुटून चालत नाही. मग औषधाने धुऊन गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद करतात. पुढे त्यावर कॅप बसवतात, कारण पोकळ झालेली दाढ हरभरा किंवा कडक भाकरी चावताना उभी चिरते. दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर मी स्पष्ट सांगेन आणि काढेन. पण वाचणारी दाढ काढायला मला आवडत नाही. ती जागा रिकामी राहिली की शेजारचे दात तिकडे कलतात.

काकूंची वरची दाढ हलतेय आणि डोळे अधू होतील म्हणून त्या काढू देत नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. दाताची शीर वेगळी, नजरेची वेगळी. वयोमानाने नजर कमी होते त्याच वयात दाढाही काढाव्या लागतात, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली. पण त्यांच्या मिश्रीची मला जास्त काळजी आहे. कधीतरी दाढदुखीवर म्हणून सुरू होते आणि सुटत नाही. सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरात तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूला कोण अडवणार? त्यांना बॅटरीच्या उजेडात तोंड उघडायला सांग. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असली किंवा उभी तीन बोटं तोंडात मावत नसली, तर त्यांना घेऊनच ये. तुझ्या तंबाखू-चुन्यालाही हेच लागू आहे, आणि ती सोड असं मी तुला हक्काने सांगतो.

छकुली आता सहा वर्षांची झाली ना? शेवटच्या दुधाच्या दाढेमागे तिला नवी दाढ येत असेल. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. ती कायमची आहे, जन्मभर पुरायची! तिच्यावरच्या खोल चिरांमध्ये अन्न अडकतं, त्या चिरा सीलंट लावून बुजवता येतात. सुई नाही, कोरणं नाही. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या. रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही स्वतः तिचे दात घासा. तिला अजून मागच्या दाढांपर्यंत नीट घासता येणार नाही. नुसतं थुंकू दे, खळखळून चूळ नको, पेस्टचा अंश दातावर राहायला हवा. गोड जेवणाबरोबर खाऊ दे, दिवसभर बिस्किटांचा पुडा हातात नको. दर वेळी गोड खाल्लं की पुढे अर्धा-एक तास तोंडात आम्ल राहतं आणि दात झिजवतं. गुळानेही तेच होतं, घरचा असला तरी.

या आठवड्यात सकाळच्या वेळी ये. नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन ये, उपाशी येऊ नकोस. शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आण, मेडिकलवाल्याची ती पुडीसुद्धा.

तुझा,
बाळ्या