कळा सुरू होण्याआधी उत्तर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत वेदनारहित प्रसूतीवर, म्हणजे भूल घेऊन कळांच्या वेदना कमी करण्यावर, लेख आला आणि पाठोपाठ वाचकांची पत्रंही आली. पत्रांत सरळ दोन फळ्या पडल्या. एकीचं म्हणणं, आमच्या आज्यांनी भूलबिल न घेता बाळंतपणं निभावली, हल्लीच्या मुलींना सोसवत नाही. दुसरीचं म्हणणं, दात काढताना भूल घेता, मग इथेच कसला हट्ट? मला सदतिसावा आठवडा चालू आहे आणि बाळंतपण वेदनाशामक औषधांशिवाय व्हावं अशी माझी इच्छा आहे. तरीही मी या दोन्ही फळ्यांत बसत नाही, म्हणून हे पत्र.

औषधांवर माझा राग नाही. मी पहिलटकरीण आहे, बाळाचं डोकं खाली आहे, रक्तदाब आणि साखर ठीक आहे, डॉक्टरांना काही जोखीम दिसत नाही. यातलं एक जरी बदललं तर बेतही बदलेल. कळा येत असताना मला चालायचं-फिरायचं आहे, हवं तसं वाकायचं आहे, एवढंच माझं कारण. ते कुणाला पटलंच पाहिजे असं नाही.

मी गाणं शिकवते. त्यामुळे श्वास हा रोजचाच विषय. अलीकडे मात्र बाळाने फुप्फुसांखालची जागा अडवल्यामुळे दमसास पार गेला आहे, षड्ज लावला की दोन मात्रांत संपतो. तरी सराव चालू आहे, आणि तो बर्फावर चालतो. नवरा घड्याळ घेऊन समोर बसतो, मी मुठीत बर्फाचा खडा धरते आणि एक मिनिट सोडत नाही. ऐन भरातली कळ मिनिटभर किंवा थोडी जास्त टिकते, म्हणून मिनिट. सुरुवातीला दात आवळले जायचे, खांदे कानांना भिडायचे आणि अर्ध्याच वेळात मूठ उघडावीशी वाटायची. मग एकदा तोंड सैल सोडून खर्जात लांब ‘आ’ लावून पाहिला. बर्फ तेवढाच गार होता, पण मिनिट निघालं. जबडा सैल सोडला की खालचं अंगही सैल पडतं, असं अनुभवी सुईणी सांगतात. वरच्या पट्टीत ओरडलं की सगळं अंग आवळून येतं, हे गाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बर्फ म्हणजे कळ नव्हे, हे मलाही कळतं. पण त्रास होत असताना आपण कसे वागतो आणि जवळच्या माणसाचं काय चालतं, काय चालत नाही, हे त्या मिनिटात चांगलं दिसतं. नवऱ्याचं ‘शाब्बास, जमतंय, जमतंय’ मला मुळीच सहन होत नाही. ‘अर्धं गेलं’ एवढं सांगितलं की पुरे. हे लेबर रूममध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

त्याचीही तालीम चालू आहे. कळ आली की कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर, तळहाताच्या मुळाने दाब द्यायचा. आधी तो मनगटाच्या जोरावर दाबायचा आणि माझ्याआधी तोच दमायचा. आता कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाकतो. मी कधी हात-गुडघ्यांवर ओणवी, कधी खुर्चीच्या पाठीवर रेललेली, कधी मोठ्या चेंडूवर बसून कंबर फिरवत. रक्त पाहून घेरी येणाऱ्या या माणसाला आत न्यावं की बहिणीला, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी त्याने उशाशी उभं राहायचं आणि पायांकडे पाहायचं नाही, असं ठरलं. सतत जवळ राहणाऱ्या सोबतीला मी फार मोल देते, आणि त्याला आधारही आहे. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यानुसार (कोक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते) अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषधं कमी लागतात आणि सिझेरियनचं प्रमाणही कमी राहतं.

बाकीच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही. पस्तिसाव्या आठवड्यापासून योनिमार्गाच्या तोंडाशी करायचा मसाज डॉक्टरांना विचारून सुरू केला. पहिल्या खेपेला त्याने टाके पडण्याची शक्यता कमी होते. सुरुवातीच्या कळा घरीच काढायच्या, झोप येईल तेवढी झोपायचं, उगाच घड्याळ बघत बसायचं नाही. बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर मात्र कळांची वाट न पाहता थेट दवाखाना.

इथपर्यंतचं सगळं आमच्या हातात आहे. दवाखान्याच्या हातात काय आहे, ते विचारायला गेलो तेव्हा खरी पंचाईत झाली.

एका कागदावर प्रश्न लिहून नेले होते. सोबतीला पूर्ण वेळ आत राहता येईल का? चालता येईल का, की दाखल झाल्यापासून खाटेवरच? बाळाचे ठोके पोटाला पट्टा बांधून सतत बघणार, की अधूनमधून यंत्र टेकवून? पाणी पिऊ देणार का? उताणं झोपूनच जोर लावायचा का? बाळ बाहेर येताना योनिमार्गाच्या तोंडाशी चीर सरसकट देता का? डॉक्टर भल्या आहेत, घाईतही होत्या. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ते त्या वेळी बघू.’’ बाहेर पडताना एका वयस्कर सिस्टरने हळूच सांगितलं, ‘‘हे रात्रपाळीला कुणाला माहीत नसतं बघ.’’

‘त्या वेळी’ मी वाद घालण्याच्या स्थितीत नसेन, ही साधी गोष्ट आहे. दोन कळांच्या मधे दोन-तीन मिनिटं मिळतात, तीही दम खाण्यासाठी. तेव्हा नवरा पाळीवरच्या अनोळखी माणसांशी हुज्जत घालणार, की माझी कंबर दाबणार?

आणि हे प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीकाळातल्या काळजीबद्दल शिफारशी दिल्या. त्यांनुसार निरोगी स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत असावी, तिला खाऊ-पिऊ द्यावं, हिंडू-फिरू द्यावं, हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं. जोखीम नसेल तर सतत पट्टा बांधून ठेवण्याची शिफारस नाही. ठोके ठरावीक अंतराने ऐकावेत. चीर सरसकट देऊ नये, पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलू नये. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की कळांचा खरा जोराचा टप्पा सुरू झाला असं धरावं, आणि त्यापुढे दर तासाला १ सेंटिमीटर उघडलं नाही एवढ्याच कारणासाठी हस्तक्षेप करू नये.

या शेवटच्या मुद्द्यावर माझं सगळं घोडं अडलं आहे. पिशवीचं तोंड सावकाश उघडतंय म्हणून कळा वाढवायचं सलाईन लावलं, की कळा जोरकस आणि जवळजवळ येतात, ठोके सतत बघावे लागतात, म्हणजे पुन्हा खाट. मग भूल मागावीशी वाटली तर त्या बाईच्या सहनशक्तीला कोण बोल लावणार? जिथे गरज आहे तिथे सलाईन लावाच. पण ‘आमच्याकडे सगळ्यांनाच लावतात’ असं असेल, तर ते मला आज कळायला हवं. मी त्याप्रमाणे बेत बदलेन किंवा दवाखाना बदलेन.

आता भूल मागण्याबद्दल. पिशवीचं तोंड शेवटचं दोन-तीन सेंटिमीटर उघडताना बऱ्याच बायका ‘मला नाही जमणार’ म्हणतात. तो टप्पा कठीण असतो आणि सहसा लांबत नाही. मी तेव्हा ‘पुरे, आता सहन होत नाही’ म्हणेन यात मला शंका नाही. म्हणून आम्ही एक शब्द ठरवला आहे, ‘भैरवी’. मैफलीत भैरवी झाली की मैफल संपते. मी कितीही ओरडले तरी त्याने घाबरायचं नाही, पण मी ‘भैरवी’ म्हटलं की भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगायचं, ‘अजून थोडं सोस’ असं एकदाही म्हणायचं नाही. हा शब्द मी त्या कागदावरही लिहिला आहे. मागणाऱ्या निरोगी स्त्रीला एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ दिली जाणारी भूल, द्यावं, हीही त्याच शिफारशींतली ओळ आहे, आणि पहिल्या फळीच्या पत्रलेखकांनी ती जरूर वाचावी. रात्री भूलतज्ज्ञ नाही म्हणून तळमळत बाळंत होणारी बाई आणि मी, दोघीही ‘औषधाविना’. तिला कुणी विचारलंच नव्हतं, तिची वाहवा कसली करता?

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत यापुढे ‘भूल घ्यावी की घेऊ नये’ यावर पत्रं छापण्याऐवजी एक करा. प्रसूतिगृहांना विचारा, की छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गरोदर स्त्रीच्या हातात तुमच्याकडची पद्धत सांगणारं एक पान का देता येऊ नये? आत सोबत किती वेळ, चालणं-फिरणं, ठोके कसे ऐकता, सलाईन केव्हा लावता, चीर केव्हा देता, रात्री भूलतज्ज्ञ असतात का, जन्मल्यावर नाळ किमान मिनिटभर थांबून कापता का, बाळ लगेच आईच्या छातीवर देता का. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, छापील असावं आणि रात्रपाळीलाही तेच लागू असावं.

पुढच्या तपासणीला मी माझा कागद पुन्हा नेणार आहे. या वेळी दोन प्रती, एक फाइलला लावायला आणि एक सिस्टरांच्या टेबलावर ठेवायला.

आपली,
एक वाचक