रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

२०२१च्या जूनमधली गोष्ट. तुम्हाला आठवणारही नाही, तेव्हा त्या वॉर्डात म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे पेशंट कॉटला कॉट लावून होते. माझे वडील खिडकीजवळ, वरचा अर्धा जबडा काढलेला.

आधीच्या दवाखान्याबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर हे पत्र त्यांचंच होऊन बसेल. कोविडमध्ये स्टेरॉइड दिली, शुगर कुठे गेली ते पाहिलं नाही. गाल दुखतो म्हटलं तर ‘दाढेचं असेल’ म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. आठ दिवस गेले त्यात.

मग अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी वणवण. ६० किलोच्या माणसाला त्यातलं लायपोसोमल, किडनीला कमी झोंबणारं, दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०च्या ६ कुप्या. बाजारात एक मिळेना. म्हणून जुनं, साधं सुरू झालं. पहिल्या दिवशी कुणीतरी ती पिवळी बाटली लावून निघून गेलं. तासाभरात बाबांना अशी हुडहुडी भरली की कॉट वाजायला लागली. ‘मी चाललो’ म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या रात्री तुम्ही होतात. बाटली टांगायच्या आधी स्टूल ओढून बसलात. “काका, हे बुरशीला मारतं, पण अंगालाही झोंबतं. थोड्या वेळाने थंडी वाजेल, ताप येईल, मग उतरेल. घाबरायचं नाही, त्या औषधाचा गुणच तसा.” आणि ड्युटी रूममधलं तुमचं स्वतःचं निळं ब्लँकेट आणून त्यांच्या पायांवर घातलंत. थंडी यायच्या आधी!

थंडी त्या रात्रीही आलीच. पण बाबा कुडकुडत घड्याळाकडे बघत होते, “सिस्टर म्हणाल्यात, उतरेल.”

पुढे किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन २.३वर गेलं, पोटॅशियम इतकं घसरलं की उठून बसवेना. औषध थांबवावं तर बुरशी डोळ्याकडे सरकणार, चालू ठेवावं तर किडनीचं काय? तो घोर डॉक्टरांनी वाहिला, त्यांचेही उपकार आहेतच. लायपोसोमल मिळालं आणि किडनी हळूहळू सावरली. पण पोटॅशियमचं ते घाणेरड्या चवीचं सिरप बाबा तुमच्याच हातून घ्यायचे. मी दिलं की तोंड फिरवायचे.

मोठ्या पदव्यांची माणसं त्या दोन महिन्यांत पुष्कळ भेटली. समोरच्याला आधी दोन वाक्यं सांगावीत, एवढं त्यांतल्या किती जणांना सुचलं? तुम्ही तर तीस पेशंटना एकट्या होतात.

बाबा आता कृत्रिम टाळू लावून जेवतात, भाकरीचा कडक पापुद्रा तेवढा बाजूला काढतात. तुमचं ब्लँकेट डिस्चार्जच्या गडबडीत आमच्याच पिशवीत आलं. दोनदा धुऊन परत द्यायला काढलं, दोन्ही वेळा त्यांनी ते गुपचूप कपाटात नेऊन ठेवलं. तुमच्यासाठी नवीन घेतलंय. रात्रपाळी कधी असते, तेवढं कळवा.