उद्यमनगरातल्या मेस्त्रींना जाहीर आभाराचं पत्र

आदरणीय मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या पद्मिनी गाडीचा रेडिओ इंजिन चालू असताना इतका स्वच्छ कसा वाजतो, हे मला कुणी ना कुणी सारखं विचारत असतं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात बॉनेट उघडून उभी असले की लोक आधी इंजिनाकडे येतात. मग आतून मीडियम वेव्हवरचा आवाज कानावर पडला की बॉनेट सोडून थेट डॅशबोर्डकडे वळतात. मी प्रत्येकाला सांगते, हे काम कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, एका मेस्त्रींनी करून दिलंय. नाव विचारलं की मात्र गप्प बसते. "नाव छापू नगंस, दारात गर्दी हुईल," असं तुम्हीच बजावून ठेवलंय. म्हणून हे पत्र बिननावाचं. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तोंडी मानले तेव्हा तुम्ही हात झटकलात आणि पोराला चहा आणायला पिटाळलंत.

गाडी १९७८ ची. चार सिलिंडर, १०८९ सीसी, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, डायनॅमोवर चार्ज होणारी बॅटरी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली जी फिएट ११०० डिलाइट निघाली, तिचीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही या गाड्यांची इंजिनं डोळे मिटून खोलता. ज्यांच्या घरी ही गाडी कधी नव्हती त्यांच्यासाठी लिहिलं.

आमच्या अप्पांची या गाडीकडून अपेक्षा एवढीच, की सकाळी शेताकडे जाताना सांगली आकाशवाणी लागावी. डॅशबोर्डमध्ये मूळचा रेडिओ होता, दोन मुठींचा, मधे काटा. गाडी उभी असली तर वाजायचा. इंजिन चालू केलं की कडकड, आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्या कडकडीत एक शिट्टी मिसळायची, वेगाबरोबर चढत जाणारी. मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांचं एकच उत्तर, हा डबा काढा आणि टचस्क्रीन बसवा. एका दुकानात तर डॅशबोर्ड कुठे कापायचा याच्या खडूच्या खुणाही करून झाल्या होत्या. मला टचस्क्रीनचं वावडं नाही. माझ्या रोजच्या गाडीत तो आहे, त्यावर नकाशा चालतो, गाणी चालतात, फोन येतात आणि मला ते सगळं आवडतं. पण या गाडीत अप्पांना काटा फिरवून सांगली लावायची होती.

तुम्ही सुरुवातीला रेडिओला हातही लावला नाहीत. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलंत, रेडिओची वायर तात्पुरती थेट बॅटरीवर घेतलीत आणि म्हणालात, "रेस दे. आता चावी बंद कर. आन् ऐक."

मी इंजिन चढवलं आणि चावी बंद केली. कडकड त्याच क्षणी थांबली. शिट्टी मात्र थांबली नाही. इंजिन फिरत फिरत मंद होत गेलं तशी तीही खाली उतरत गेली आणि इंजिनाबरोबरच विझली. "दोन आजार हायत. चावीसंगं गेला त्यो प्लगच्या करंटचा. इंजिनासंगं गेला त्यो डायनॅमोचा." इतकी वर्षं मी त्या आवाजाला 'खरखर' या एकाच नावाखाली जमा करत होते. तुम्ही अर्ध्या मिनिटात, एकही पाना न उचलता, त्याची फोड करून दाखवलीत.

मग पुढचे तीन दिवस तुम्ही मला शेजारी उभं करून घेतलंत. गॅरेजात बाईमाणसाला खुर्ची देऊन बाजूला बसवायची पद्धत मला माहीत आहे. तुम्ही खुर्ची दिली नाहीत, हातात पॉलिश पेपर दिलात. यासाठीही आभार.

पहिल्यांदा डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याची, टोपी काढलीत. आतल्या चार खुंट्यांवर पांढरट राख बसली होती आणि दोन खुंट्यांच्या मधे केसाएवढी काळी रेघ होती. करंट त्या रेघेतून चोरून पळतोय हे तुम्ही मला अंधारात दाखवलंत. शटर खाली ओढून इंजिन चालू केलंत, तेव्हा जुन्या प्लग वायरींच्या अंगावरूनही निळसर चमक सरकताना दिसली. ते दृश्य मी विसरणार नाही. टोपी बदलली, रोटर बदलला, पॉइंट साफ करून फिलर गेजने फट लावली. साध्या तांब्याच्या प्लग वायरींच्या जागी कार्बनच्या गाभ्याच्या, काही हजार ओहमचा अडथळा असलेल्या वायरी आल्या. ठिणगी तेवढीच पडते, पण करंटचा धक्का बोथट होतो आणि वायर एरियलसारखी आवाज फेकत सुटत नाही.

त्या रात्री घरी जाऊन मी वाचत बसले. हाइनरिख हर्ट्झने १८८० च्या दशकात रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवल्या त्या ठिणगीतूनच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जे प्रयोग करून दाखवले त्यांचा उगमही ठिणगीच. म्हणजे आमची पद्मिनी रस्त्यावरून जाताना मिनिटाला हजारो वेळा एक छोटं केंद्र प्रक्षेपित करत होती, आणि तिच्याच डॅशबोर्डमधला रेडिओ ते इमानाने पकडत होता. रेडिओ बिघडलेला नव्हताच. तो इंजिनाची खबर देत होता. दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलंत आणि बोसांबद्दल आणखी विचारलंत. माझ्या वाचनाला गॅरेजात एवढी किंमत मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

शिट्टीचं काम सोपं निघालं. डायनॅमोचे ब्रश झिजले होते. ते बदलून, ब्रश ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर साफ करून, आउटपुटवर विजेतला खडखडाट गिळणारा एक कंडेन्सर लावलात. खरी मेहनत होती अर्थिंगची, म्हणजे प्रत्येक भाग गाडीच्या बॉडीशी पक्का जोडण्याची. बॉनेटच्या बिजागऱ्यांवर रंगाचे थर चढले होते, त्यामुळे एवढा मोठा पत्रा बॉडीशी धड जोडलेलाच नव्हता. तिथे तांब्याची विणलेली पट्टी टाकलीत. एरियलच्या बुडाशी मडगार्डचा पत्रा गंजला होता, तो पांढरा लखलखीत होईपर्यंत माझ्याकडून घासून घेतलात. "अर्थ म्हंजे पाया. त्यो कच्चा आसंल तर वर काय बी बांध, हालणारच." सगळ्यात शेवटी एरियलच्या खाचेजवळचा तो बारका स्क्रू, जो अनेकांना दिसतही नाही. काटा १४०० च्या आसपास एका क्षीण केंद्रावर ठेवून आवाज जास्तीत जास्त भरेपर्यंत तो केसभर फिरवलात. आणि १२५१ किलोहर्ट्झवर सांगली लागली, चालू इंजिनावर, राजारामपुरीच्या रहदारीत. अप्पा मागच्या सीटवर होते. त्यांनी पुढे वाकून आवाज थोडा कमी केला. एवढ्या वर्षांत त्या गाडीत आवाज कमी करायची वेळ पहिल्यांदा आली.

बिल केलंत ते वायरी, टोपी, ब्रश आणि कंडेन्सरचं. मजुरीबद्दल विचारलं तर म्हणालात, "निम्मं काम तू केलंस."

मेस्त्री, हे आभार फक्त रेडिओचे असते तर पत्र इथेच संपलं असतं. माझा रोजचा जीव ज्या गोष्टींत रमतो त्या तीनच: गाड्या, इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रं आणि सिनेमा-गाणी. तुमच्याकडे येईपर्यंत मी त्यांचे तीन वेगळे कप्पे करून ठेवले होते. घरी हौसेने जमवलेल्या ॲम्प्लिफायरला कायमचा 'हूं' असा घुमणारा आवाज होता. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या प्लगवर, डिशची केबल तिसरीकडून, म्हणजे अर्थ तीन जागांहून आलेला. तुमची अर्थिंगची शिकवण डोक्यात होती. सगळं एकाच बोर्डावर आणलं, डिशची केबल वेगळी करून पाहिली आणि तो घुमणारा आवाज गेला. आता रात्री सिनेमातली शांतता खरोखर शांत असते. साउंडवाल्यांनी एखाद्या प्रसंगात किती कमी आवाज ठेवलाय, हे मला घरी बसून कळायला लागलं.

रोजच्या गाडीतही तेच. गेल्या पावसाळ्यात इंजिन अडखळू लागलं. स्कॅनर लावला तर पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. स्कॅनर कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. प्लग, त्याला करंट देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, काहीही असू शकतं. तुम्हाला फोन केला. संगणकाच्या गाड्या आपल्याला जमत नाहीत असं तुम्ही नेहमी म्हणता, पण तुमचं उत्तर तयार होतं: "दोनची कॉइल तीनवर टाक, तीनची दोनवर. मग बघ आजार जागा बदलतोय का." बदलला. कोड पी ०३०३ आला. एक कॉइल आणली, काम झालं. दुरुस्ती केंद्रात मला पूर्ण संच बदलायचा अंदाज मिळाला होता.

आणि आंबा घाट! रत्नागिरीहून परत येताना, मे महिन्यात, भर दुपारी, साखरपा सोडून चढ लागला आणि पद्मिनी गुदमरून बंद पडली. इंजिनाजवळच्या फ्युएल पंपातलं पेट्रोल उकळून वाफ झालेली. तुमच्या सांगण्यावरून डिकीत सुती फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते. ओलं फडकं फ्युएल पंपाला आणि पाइपला गुंडाळलं, बॉनेट उघडं ठेवून सावलीत थांबलो, पुन्हा पाणी शिंपडलं, गाडी चालू झाली. शेजारी थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, उद्यमनगर. त्याला तेवढ्यावरच पटलं.

उद्यमनगरचं नाव कोल्हापूरबाहेर असं चालतं याचा मला फार अभिमान आहे. रिबोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ओतकाम, हव्या त्या मापाचं बुशिंग लेथवर काढून देणारे हात, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात असलेली जागा किती शहरांत उरली आहे? दुपारच्या जेवणाला बसल्यावर तुम्ही कोल्हापुरात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांची गोष्ट काढलीत ती मला फार आवडली होती. विलायती कॅमेरा आवाक्यात नाही म्हणून बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी त्यांचे सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला तो कोल्हापुरात बनलेल्या त्या कॅमेऱ्याच्या जोरावर. या गावात यंत्र आणि करमणूक यांच्यामध्ये भिंत कधी नव्हतीच, हे तुम्ही ठेचा-भाकरी खाता खाता सांगून गेलात. माझ्या तीन कप्प्यांच्या भिंती त्याच दुपारी गेल्या.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचा अधिकृत निरोप झाला. वीस वर्षांच्या मर्यादेत बसणारी शेवटची टॅक्सी आदल्या दिवशी संपली. त्या दिवशी मला खूप जणांचे फोन आले, जणू घरातलं कुणी गेलंय. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग निघत, विकत मिळत. आता प्रत्येक रोटर शोधावा लागणार. त्याच संध्याकाळी तुम्ही आपणहून फोन करून सांगितलंत, की तुमच्याकडच्या पत्र्याच्या पेटीतले दोन रोटर, एक टोपी आणि पंपाचे पडदे माझ्या नावाने बाजूला काढून ठेवलेत. फोनवर मला धड बोलता आलं नव्हतं. ते आभार आज मानते.

आता कामाचं. वायपर चालू केला की रेडिओत बारीक गुरगुर येते, बंद केला की जाते. चावीशी किंवा इंजिनाच्या वेगाशी तिचा संबंध नाही, हे तुमच्या पद्धतीने तपासून झालंय, तेव्हा वायपरची मोटरच असणार. पाऊस सुरू व्हायच्या आधी, येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. कंडेन्सर आणि ब्रश मी आणलेत, तुम्ही शोधत बसू नका. अप्पाही येणार आहेत. त्यांना तुमच्या हातची नाही, कोपऱ्यावरच्या गाड्यावरची मिसळ खायची आहे.

काकींना नमस्कार.

तुमची,
पांढऱ्या पद्मिनीवाली