खर्जाच्या बाकावरून: जॉर्ज रॉबर्ट्स यांचे जाहीर आभार

आदरणीय जॉर्ज रॉबर्ट्स साहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. २०१४ साली तुम्ही गेलात. पण आभार मानायचे राहिलेत. 'साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स' या १९५६च्या तबकडीचा विषय निघाला की सगळं कौतुक गायक फ्रँक सिनात्रा आणि वाद्यमेळाची मांडणी करणारे नेल्सन रिडल या दोघांत वाटून संपतं. त्यांचं त्यांना मिळायलाच हवं. तुम्ही मात्र मागच्या रांगेत, बास ट्रॉम्बोन घेऊन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं ते खर्जातलं पितळी वाद्य. त्या काळी गाण्यांच्या तबकडीवर वादकांची नावं छापायचा रिवाज नव्हता, त्यामुळे ऐकणाऱ्याला तुमचा पत्ताच लागत नाही. म्हणून ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आम्हा काही जणांचा हा पत्रप्रपंच.

पहिले आभार एका सूचनेबद्दल. जानेवारी १९५६. कोल पोर्टरचं 'आय'व्ह गॉट यू अंडर माय स्किन' घाईघाईने बसवायचं होतं. गाण्याच्या मध्यावर लांबलचक चढ हवा होता आणि रिडलना तो सापडत नव्हता. तुम्ही सुचवलंत की स्टॅन केंटनच्या बँडमधली '२३ डिग्रीज नॉर्थ, ८२ डिग्रीज वेस्ट' ही चीज बघा, तिचा साचा उचला. बिल रुसोची ती रचना, आणि १९५२ साली केंटनकडे तुम्ही स्वतः ती वाजवली होती. नावातले अक्षांश-रेखांश हवानाचे. ट्रॉम्बोन एकामागून एक आत येतात, प्रत्येकाची तालाची आकृती वेगळी आणि सगळ्यांची मिळून भिंत उभी राहते. रिडलनी स्वर उचलले नाहीत, बांधणी उचलली. उसनवारी करावी तर अशी.

हा चढ गाण्यात नेमका कुठे बसलाय ते बघण्यासारखं आहे. त्या काळातली बहुतेक गाणी ३२ मात्राखंडांची, म्हणजे 'बार'ची. हे ५६ बारचं. पूर्ण गाणं दोनदा गायलं तर ऐकणारा दमेल. म्हणून सिनात्रा ते एकदा सबंध गातो, मग तो थांबतो आणि बँड बोलायला लागतो. तळाशी धरून ठेवलेला स्वर, त्यावर थर चढत जातात आणि शिगेला पोचल्यावर मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन फुटतो. त्यानंतर सिनात्रा परत येतो तो गाण्याच्या आरंभाला नाही, मधूनच, आणि आवाजाची पट्टी तीच असूनही माणूस बदललेला वाटतो. शेवटी सगळं पुन्हा विरत विरत सुरुवातीच्या त्या खालच्या घोळत्या आकृतीवर येऊन थांबतं. पावणेचार मिनिटांत एवढा प्रवास.

बर्नहार्टच्या त्या वादनासाठी विसाच्या वर टेक झाले म्हणतात. ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, माइक उंचावर होता, म्हणून त्याच्या पायाखाली ठेवायला सिनात्राने स्वतः खोकं आणून दिलं, ही हकिगत आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्या मते मात्र त्या वादनाइतकाच अवघड आहे त्याआधीचा चढ. हौशी बँड हमखास तिथेच पडतो.

पडतो कसा, तेही लिहून ठेवतो, कारण तुमचं वादन पुन्हापुन्हा ऐकूनच ते उलगडलं. पहिला ट्रॉम्बोन उत्साहात मध्यम आवाजात सुरू करतो. तिसरा येईपर्यंत वरची जागा भरलेली, आणि ट्रम्पेट आले की फक्त गोंगाट उरतो. इथे आवाज फुंकून वाढवायचा नाही, माणसं वाढतील तसा तो आपोआप वाढतो. प्रत्येकाने दबक्या आवाजातच शिरायचं आणि शेवटचे चार बार सोडले तर आपला जोर राखून ठेवायचा. श्वासाच्या जागा पेन्सिलने वेगवेगळ्या मांडून घ्यायच्या. शेजारचे दोघे एकदम श्वास घेतात तेव्हा भिंतीला भोक पडतं. आणि आवाज चढला की लयही चढते, हा जुना रोग. त्यावर इलाज म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर न लावता दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर लावून तालीम करणे. पहिले दोन दिवस सगळे चिडतात, तिसऱ्या दिवशी बसतं.

बास ट्रॉम्बोनवाल्याचं दुखणं आणखी निराळं. अंगठ्याच्या व्हॉल्व्हने वाद्याचा मूळ स्वर खाली 'एफ'वर गेला की नळी लांबते आणि स्लाइडवरच्या, म्हणजे सरकत्या नळीवरच्या, जागा एकमेकींपासून दूर जातात, सातऐवजी सहाच उरतात. सवयीच्या जागी हात थांबला तर खालचा स्वर चढा लागतो. एकाच व्हॉल्व्हच्या वाद्यावर खालचा शुद्ध 'बी' हा स्वर सरळ मिळतच नाही, त्यासाठी व्हॉल्व्हची ट्यूनिंग स्लाइड ओढून 'ई' स्वरापर्यंत उतरवावी लागते. शिवाय खर्जातला स्वर उमटायला क्षणभर उशीर लागतो. म्हणून किंचित आधी फुंकायचं, नाहीतर रांगेतला सगळ्यात दमदार माणूस कायम मागे पडलेला ऐकू येतो. तुमच्या फुंकीत हा उशीर कधी जाणवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही खालचा स्वर गुरगुरत नाही, गाता. बास ट्रॉम्बोन म्हणजे आवाजाच्या तळाला घातलेली खडी, अशी समजूत होती. रिडलनी तुमच्यासाठी सुरावटी लिहिल्या त्या तुमचा हा गळा ऐकूनच.

रिडल स्वतःही ट्रॉम्बोनवाले, टॉमी डॉर्सीच्या बँडमधले. त्याच बँडमध्ये त्यांच्या आधी सिनात्रा गात होता, आणि लांब ओळ एका दमात कशी न्यायची हे तो डॉर्सीचा ट्रॉम्बोन ऐकून शिकला. म्हणजे या तबकडीची मुळं तुमच्याच वाद्यात आहेत.

रिडल आपले नियम दोनच सांगत. गाण्याचं शिखर शोधा आणि सगळी मांडणी त्याच्या दिशेने न्या. गायक चालत असला की त्याच्या वाटेतून बाजूला व्हा, तो थांबला की चटकन आत शिरा. तबकडीची सगळी मोहिनी या दुसऱ्या नियमात आहे. सिनात्रा ओळ संपवतो आणि त्या फटीत हॅरी एडिसनचा म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेला ट्रम्पेट एकच स्वर टोचून जातो. एकच. दुसऱ्या कुणी तिथे चार स्वर घातले असते.

सिनात्रा शब्द ठोक्याच्या जरा मागे टाकतो, बोलल्यासारखा. आपल्याकडे भावगीत ऐकलेल्या कानाला ही लकब परकी नाही. धोका साथीदारांना असतो: गायक मागे रेंगाळला की बँडही त्याच्यासाठी थांबतो, आणि मग स्विंग, म्हणजे लयीतला झोका, गेलाच. गायकाने मागे राहायचं, ठेक्याने नाही. तबलजी ओळखतील. डबल बास (उभं, मोठं तंतुवाद्य) आधी बारमध्ये दोन ठोके देतो, पुढे चार देतो, लय तीच राहते आणि गाणं मात्र धावू लागल्यासारखं वाटतं.

आता ज्यांना तुम्हाला ऐकायचंय त्यांच्यासाठी थोडं. फोनच्या स्पीकरवर तुम्ही नसताच. तुमचे खालचे स्वर ६० ते १०० हर्ट्झच्या आसपासचे आणि तो टीचभर स्पीकर तिथवर उतरतच नाही. साधे वायरचे हेडफोनसुद्धा चालतील. तबकडी घेणार असाल तर ती मुळात मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी, आहे हे ध्यानात ठेवा. कॅपिटॉल या तबकडी काढणाऱ्या कंपनीने पुढे 'डुओफोनिक' नावाचं नकली स्टीरिओ काढलं: एका बाजूला खालचे स्वर उचललेले, दुसऱ्या बाजूला वरचे, आणि दोहोंमध्ये किंचित कालांतर. त्यात बास ट्रॉम्बोनचा देह एका कानात आणि धार दुसऱ्या कानात जाते. कव्हरवरच्या क्रमांकात 'डब्ल्यू ६५३' असेल तर घ्या, 'डीडब्ल्यू' असेल तर ठेवून द्या. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर कमी होते. कव्हरही दोन तऱ्हेचं मिळतं: पहिल्यावर सिनात्रा त्या जोडप्याकडे पाठ करून आहे, १९५७ नंतरच्यावर त्यांच्याकडे वळलेला. आतलं गाणं तेच, पण पहिल्याला भाव जास्त.

ब्रिटनमध्ये जुलै १९५६ मध्ये अल्बमची पहिली साप्ताहिक यादी निघाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर हीच तबकडी होती. त्या यादीतही नाव एकाचंच. मागच्या बाकावरच्यांचं हे असंच चालतं. आमच्या मुंबईत सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशनांच्या वाद्यमेळामागे मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा. गाणी घरोघरी वाजली आणि ही नावं जाणकारांपुरती राहिली.

तुमची आठवण ठेवायची आमची रीत साधी आहे. त्या चढाची तालीम सुरू करताना सगळ्यांत आधी एकट्या बास ट्रॉम्बोनला वाजवायला लावतो, बाकी सगळे वाद्यं मांडीवर ठेवून गप्प. तळ पक्का झाला की मगच दुसरा आत येतो.

आपले कृतज्ञ,
खर्जाच्या बाकावरचे