तारापूरच्या दुरुस्तीला जनसुनावणी का नाही?

तारापूर अणुवीज केंद्राच्या १९६९ सालच्या युनिट एक आणि दोनच्या दुरुस्तीची तुमची बातमी वाचली, पाइप बदलले, नियामक मंडळाची परवानगी वगैरे सगळं आलंय पण आसपासच्या गावांना कोणी विचारलं का ते कुठेच नाही. नव्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते, मग २०२० मध्ये बंद केलेली एवढी जुनी अणुभट्टी परत चालू करायला का नको? कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राला नवे स्टीम जनरेटर (वाफ तयार करणारी यंत्रं) असेच अणु परवान्यावर सुनावणी न घेता बसवले, वर्षभरात म्हणजे जानेवारी २०१२ मध्ये एकाची ट्यूब गळली आणि २०१३ ला प्लांट कायमचा बंद. घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना कळेल अशा मराठीत सुरक्षा अहवाल ग्रामपंचायतीत लावा आणि सुनावणी बोईसरलाच घ्या, मुंबईत नको.

— एक वाचक, बोईसर