स्नेहमिलनाची तारीख पीक पाहून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की आपल्या तालुका पानावर ‘तब्बल पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग’ अशा बातम्या सुरू होतात. फोटोत फेटे बांधलेले तीस-चाळीस पुरुष आणि कोपऱ्यात सहा-सात महिला असतात. वर्गात मुली निम्म्या होत्या आणि वर्गातले कितीतरी जण आजही त्याच गावात वावरात राबतात, पण फोटोत हे दोन्ही गट फारसे दिसत नाहीत. याचे कारण बहुतेकदा नियोजनात असते. तारीख, वर्गणी आणि वेळ पुण्या-नागपूरच्या नोकरदारांच्या सोयीने ठरते. पुढच्या हंगामात मेळावा घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे पत्र.

आधी तारीख. मुलांना सुट्या म्हणून मे महिना धरला जातो, तो टाळावा. पारा ४४-४५ वर, वर्गखोल्यांवर टिनपत्रे, दर दुसऱ्या दिवशी लग्न, आणि सत्कारमूर्ती सत्तरीपुढचे गुरुजी. पश्चिम विदर्भात भाऊबीजेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस उत्तम, कारण लेकी माहेरी आलेल्या असतात. मात्र दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर सोयाबीनची सोंगणी किंवा मळणी चालू असते. त्या दिवशी कास्तकार येणार नाही आणि थ्रेशरवर राबणारा मजूर तर नाहीच नाही. दिवाळी नोव्हेंबरात असली की हा अडथळा राहत नाही. कापसाची वेचणी पुढेही चालतेच, पण ती एक दिवस थांबू शकते. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड त्याच सुमाराला असते, तिथे बागवाल्यांना विचारूनच दिवस धरावा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हिशोब वेगळा. तिथे भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे रात्रीच्या नाटकासह जत्रा, भरते आणि लेकी-जावई त्यासाठी मुद्दाम गावी येतात. आपल्या गावच्या मंडईचा दुसरा दिवस पकडावा, मात्र दुपारचा, कारण रात्रभर नाटक पाहिलेला माणूस सकाळी उठत नाही. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी-चुरणी (मळणी) तेव्हा उरलेली असेल तर सरळ जानेवारीत जावे. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, त्या भागात कोणाला बोलावूच नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेक शाळा बोर्डाचे परीक्षा केंद्र असतात, तेव्हा इमारतही मिळत नाही.

दिवाळीत शाळा बंद असते. म्हणून मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्यावा, संस्थेची किंवा शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्यावी आणि किल्ली कोणत्या शिपायाकडे राहील हे नक्की करावे. फाटकाला कुलूप आणि बाहेर ताटकळलेले सत्तर जण, हा प्रकार नवा नाही.

माणसे शोधणे हे सगळ्यात वेळखाऊ काम आहे, त्याला तीन महिने धरा. मूळ आधार शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख हे सारे असते. हजेरीपत्रके बहुधा नष्ट झालेली असतात. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीचाही रकाना असतो, म्हणून त्याच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. मुख्याध्यापकांच्या समोर बसून फक्त नाव आणि गाव उतरवून घ्यावे. दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ ची, त्याआधीच्या बॅचना अकरावी पाहावी लागते. जुन्या पत्त्यातले जिल्हेही बदलले आहेत. वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा ‘जि. अकोला’ म्हणून नोंदलेले रिसोडकडचे गाव आज वाशिममध्ये सापडेल. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात गेलेली किंवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली गावे असतील, तर पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत चौकशी करावी.

यादी हजेरी क्रमांकाने लावू नये, गावनिहाय लावावी. हायस्कूलला पाच-सात खेड्यांतली मुले पायी किंवा सायकलने येत. प्रत्येक गावासाठी एक माणूस नेमला की त्या गावातली नावे आठवडाभरात मार्गी लागतात. मुलींचे आडनाव तर बदलतेच, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते, म्हणून फेसबुकवर शोधून हाती काही लागत नाही. वाट माहेरातूनच जाते: भाऊ, भावजय, शेजारची काकू. यातही एक पथ्य आहे. भावाकडून नंबर घेऊन परस्पर गटात जोडू नये. आधी वर्गातल्याच एखादीने फोन करावा, तो दुपारी करावा, आणि तिची तयारी असेल तरच पुढे जावे. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो. रात्री साडेअकराला आलेला ‘ओळखलं का?’ हा मेसेज एखादीला वर्षभर पुरतो. मुलींचा वेगळा गट ठेवून त्यातली एक मुख्य गटात ॲडमिन राहिली, तर उपस्थितीत मोठा फरक पडतो.

व्हॉट्सॲप गट का मरतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे: सुप्रभात, फॉरवर्ड, राजकारण, आणि वर्गातला विमा एजंट. पण एक कारण कोणी बोलत नाही. साध्या फोनची मेमरी व्हिडिओंनी भरते आणि गावातला माणूस न सांगता गट सोडतो. मग तो रागावला असा समज होतो. त्याच्या फोनमधले मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून द्यावे, काम दोन मिनिटांचे आहे. कार्यक्रमाचा महिनाभर ‘फक्त ॲडमिन’ ही सेटिंग ठेवावी. तारखेसाठी पोल घेतला तरी त्यावर विसंबू नये, कारण मत तेच देतात जे येणारच असतात. बाकीच्यांना फोन करावा लागतो.

वर्गणीचा आकडा वर्गातल्या मजुरी करणाऱ्याला परवडेल तो असावा. पाचशेच्या वर गेला की तो ‘काम निघालं’ म्हणून कळवतो आणि आपण ते खरे मानतो. ज्यांना जास्त द्यायचे त्यांनी खजिनदाराला वेगळे द्यावे, आणि कोणी किती दिले याची यादी गटावर टाकू नये. खर्चाची बिले मात्र जरूर टाकावीत. पैसा एकाच खात्यात, हिशोब दोघांच्या नजरेखाली.

जेवणाला केटररच्या पनीरपेक्षा रोडगे (गवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी, वरण-भात स्वस्त पडतात आणि बाहेरून आलेल्यांना तेच हवे असते. शंभर माणसांना जाडसर दळलेली कणीक २२ ते २५ किलो, तूरडाळ ५ ते ६ किलो, वांगी १२ ते १५ किलो, तांदूळ ६ ते ७ किलो पुरतो. रोडगे बिघडतात ते घाईने. गवऱ्या पेटून त्यांची ज्वाळा पूर्ण बसायला दीड तास तरी लागतो. ज्वाळेवरच रोडगे टाकले तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. साडेबाराच्या पंगतीसाठी जाळ साडेनऊला लागला पाहिजे, तोही कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून आणि वाऱ्याच्या बाजूपासून दूर. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे १५ जार सांगावेत. आणि स्वच्छतागृह! सुटीत ते कुलूपबंद आणि टाकी कोरडी असते. आदल्या दिवशी उघडून, धुऊन, पाणी भरून ठेवावे. व्यासपीठाच्या फुलांआधी हे काम.

वेळ साडेदहा ते साडेतीन, म्हणजे आडगावच्या महिलांना शेवटच्या एसटीची धास्ती राहत नाही. घंटा, परिपाठ, जुन्या क्रमाने हजेरी. गुरुजनांचा सत्कार पहिल्या तासातच उरकावा. वृद्ध शिक्षकांना तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून शाल देणे हा सन्मान नव्हे. दिवंगत वर्गमित्रांची नावे वाचण्यापूर्वी प्रत्येक नाव त्याच्या घरून पडताळून घ्यावे. हयात माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रकार होतात, आणि तो माणूस गेटातून आत येतो. पुढाऱ्याला बोलवू नये, तो वर्गातला असेल तर त्याने बाकावर बसावे. मनोगताला तीन मिनिटे. डीजे नको, आणि ‘नंतर धाब्यावर’ हा उपकार्यक्रम शाळेच्या आवाराबाहेर आणि कार्यक्रमपत्रिकेबाहेर ठेवावा.

जुन्या ग्रुप फोटोंबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे कायमचे नुकसान होते. फोटो पडवीच्या सावलीत सपाट ठेवून, मोबाइल समांतर धरून, फ्लॅश बंद करून टिपावा. काचेत चमक येत असेल तर आपल्या मागे काळे कापड धरावे. ओलीने काचेला चिकटलेला फोटो सोलू नये, चेहरे काचेवरच राहतात, काचेसकट टिपावा. गटावर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, साधा पाठवला तर आकार घटून मागच्या रांगेतले चेहरे पुसट होतात. मग मोठी प्रत छापून, मूळ फोटोला हात न लावता, त्या प्रतीवर खालच्या रांगेपासून डावीकडून उजवीकडे आकडे टाकावेत आणि वेगळ्या कागदावर नावे भरावीत. अडलेली नावे शिक्षकांपेक्षा जुन्या शिपायाला जास्त आठवतात, त्याला सत्काराच्या यादीत आधीच घ्यावे. निवृत्त शिक्षकांच्या आठवणी मेळाव्याच्या गोंगाटात ध्वनिमुद्रित होत नाहीत. त्यासाठी सकाळी त्यांच्या घरी जावे, पंखा बंद करावा, वीस मिनिटे पुरतात. ‘आठवणी सांगा’ म्हटले की भाषण मिळते. ‘सातवीचा वर्ग कुठं भरायचा, विहिरीवरून पाणी कोण आणायचं’ असे विचारले की खरी माहिती निघते.

शाळेला भेट द्यायची तर काय हवे ते मुख्याध्यापकांना आधी विचारावे. कित्येक शाळांच्या कपाटात माजी विद्यार्थ्यांनी दिलेले तीन-तीन स्पीकर आहेत आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा फिल्टर बदलायला पैसे नाहीत. वस्तू असो की रक्कम, शाळेची पावती घ्यावी आणि तिचा फोटो हिशोबाच्या बिलांसोबत गटावर टाकावा. गावनिहाय यादीची एक छापील प्रत गावात राहणाऱ्याच कोणाकडे तरी ठेवावी आणि दर दिवाळीला तीत बदललेले नंबर भरून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती